विजेवर धावलेली पहिली ट्राम

बर्लिन शहराच्या नैऋत्येला, त्या काळच्या वेशीबाहेर, लिश्टरफेल्डे नावाचे उपनगर आहे. तेथील रेल्वे स्थानकापासून लष्करी छात्रशाळेपर्यंत जाणाऱ्या अवघ्या अडीच किलोमीटरांच्या मार्गावर १६ मे १८८१ रोजी एक छोटासा डबा धावू लागला. बांधणीने तो घोड्यांच्या ट्रामच्या डब्यासारखाच होता. घोडे मात्र कुठेच नव्हते. इंजिन नव्हते, धूर नव्हता, वाफेचे फुत्कार नव्हते. चालकाने कळ फिरवली की डबा आपला आपण चालू लागे. तिकीट काढून कोणीही बसावे आणि आपल्या कामाला जावे, अशी विजेवर चालणारी ही जगातील पहिली ट्राम मानली जाते.

ती धावविणारे वर्नर सीमेन्स त्या वेळी ६४ वर्षांचे होते. सीमेन्स हे नाव मुंबईकरांना अनोळखी नाही. २००७ साली मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर आलेल्या जांभळ्या-पांढऱ्या लोकल गाड्यांची विद्युत यंत्रणा याच नावाच्या कंपनीची होती. कंपनीचे नाव जितके परिचित, तितके तिच्या संस्थापकाचे चरित्र मात्र आपल्याकडे परिचित नाही. आणि ज्या ट्राममुळे वाहतुकीच्या इतिहासात त्यांचे नाव कायमचे नोंदले गेले, ती ट्राम त्यांना मुळात हवीच नव्हती, ही गोष्ट तर त्याहूनही कमी लोकांना ठाऊक असते.

सीमेन्स यांना हवी होती ती बर्लिनच्या ऐन मध्यभागातून, लोखंडी खांबांवरून धावणारी विजेची रेल्वे. ती शहराने नाकारली. लिश्टरफेल्डेची ट्राम म्हणजे त्यांच्या लेखी खांबांवरून उतरवून जमिनीवर आणून ठेवलेली तीच रेल्वे होती. या उतरवण्यात एक मोठा धोका दडलेला होता. खांबांवर जे निर्धोक ठरले असते, ते माणसांच्या आणि जनावरांच्या पायांखाली आले. हा दोष दूर करण्यात सीमेन्स यांच्या उतारवयातील बरीच वर्षे गेली, आणि त्याचे निर्णायक उत्तर अखेर दुसऱ्याच कोणाला सापडले.

वर्नर यांचा जन्म १३ डिसेंबर १८१६ रोजी हॅनोव्हरजवळच्या लेन्थे या गावी झाला. वडील खंडाने घेतलेली शेती करीत. चौदा मुलांचे कुटुंब. वर्नर त्यांतले चौथे. मुलाची बुद्धी दिसत होती, पण त्याला स्थापत्यविद्येच्या महाविद्यालयात पाठविण्याइतका पैसा घरात नव्हता. गरीब घरातील हुशार मुलाला फुकट तंत्रशिक्षण मिळण्याचा एक मार्ग त्या काळी प्रशियात होता, तो म्हणजे सैन्य. वर्नर तोफखान्यात दाखल झाले आणि बर्लिनच्या तोफखाना व अभियांत्रिकी शाळेत त्यांनी तीन वर्षे गणित, पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्राचा अभ्यास केला. पुढील आयुष्यात त्यांनी जे काही उभे केले, त्याचा पाया या तीन वर्षांत घातला गेला.

१८३९ मध्ये आई गेली, त्यानंतर सहा महिन्यांतच वडीलही गेले. धाकट्या भावंडांचा भार तेवीस वर्षांच्या या लेफ्टनंटवर येऊन पडला. सैन्यातील तुटपुंज्या पगारात तो पेलणे शक्य नव्हते. शोध लावायचा आणि तो विकायचा, हा ध्यास त्यांना लागला तो विज्ञानाच्या प्रेमातून जितका, तितकाच या गरजेतून.

याच काळात एक मजेदार प्रसंग घडला. द्वंद्वयुद्धात एका सहकाऱ्याचा साहाय्यक म्हणून उभे राहिल्याबद्दल वर्नर यांना माग्देबुर्गच्या किल्ल्यात कैद झाली. कोठडीत त्यांनी गुपचूप रसायने आणवली आणि विजेच्या साहाय्याने धातूवर सोन्याचा मुलामा चढविण्याचे प्रयोग सुरू केले. एका साध्या चमच्यावर मुलामा चढला. प्रयोग ऐन रंगात आले असतानाच राजाकडून माफी आली आणि कैद्याला सुटका नकोशी झाली. आणखी काही दिवस आत राहू द्यावे, अशी त्यांची विनंती वरिष्ठांना अर्थातच कृतघ्नपणाची वाटली आणि त्यांना तातडीने बाहेर काढण्यात आले. या मुलाम्याचे पेटंट त्यांनी १८४२ साली घेतले. धाकटा भाऊ विल्हेल्म ते घेऊन इंग्लंडला गेला आणि बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन कंपनीला पंधराशे पौंडांच्या आसपास किमतीला विकून आला. घरावरचे संकट काही काळ टळले. हाच विल्हेल्म पुढे इंग्लंडमध्ये स्थायिक होऊन विल्यम सीमेन्स या नावाने नामांकित अभियंता झाला.

त्यानंतर वर्नर यांनी तारायंत्रात लक्ष घातले. सिगारची खोकी, पत्र्याचे तुकडे, थोडेसे लोखंड आणि तांब्याची तार एवढ्या सामग्रीतून त्यांनी आपले पहिले तारायंत्र तयार केले. त्यात एक काटा तबकडीवरच्या अक्षरांकडे बोट दाखवी, त्यामुळे सांकेतिक लिपी शिकण्याची गरज नसे. हा नमुना पाहून योहान गेऑर्ग हाल्स्के या कुशल कारागिराने भागीदारीस होकार दिला. एका चुलत भावाने भांडवल पुरविले. ऑक्टोबर १८४७ मध्ये बर्लिनच्या शोनेबर्गर स्ट्रासे या रस्त्यावरील एका घराच्या मागील अंगणातील इमारतीत सीमेन्स आणि हाल्स्के ही कार्यशाळा सुरू झाली. अनहाल्ट रेल्वेचे शहरातील अंतिम स्थानक तेथून जवळच होते. लिश्टरफेल्डे याच रेल्वेवर आहे. तेव्हा मात्र तेथे शेतांखेरीज काही नव्हते.

सीमेन्स यांची खरी कीर्ती झाली ती तारेपेक्षा तारेवरच्या आवरणामुळे. मलायातील झाडांच्या चिकापासून मिळणारा गटापर्चा हा पदार्थ गरम करून दाबाखाली तांब्याच्या तारेवर अखंड बसविण्याचे यंत्र त्यांनी तयार केले. अशी तार जमिनीखालून नेता येऊ लागली. १८४९ मध्ये बर्लिन ते फ्रँकफर्ट ही सुमारे ५०० किलोमीटरची तारमार्गिका पुरी झाली. फ्रँकफर्टच्या संसदेने प्रशियाच्या राजाची जर्मन सम्राटपदी निवड केल्याचे वृत्त २८ मार्च १८४९ रोजी तासाभरात बर्लिनला पोहोचले. राजाने तो मुकुट नाकारला ही गोष्ट वेगळी. तारायंत्राचे महत्त्व मात्र सर्वांना पटले.

पण दोन वर्षांतच दिवस फिरले. काटकसरीपायी तारा उथळ पुरल्या गेल्या होत्या. आवरणात मिसळलेल्या गंधकाने तांब्यावर परिणाम केला, उंदीर-घुशींनी आवरण कुरतडले आणि एकामागून एक मार्गिका बंद पडू लागल्या. सीमेन्स यांनी आपली बाजू मांडणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. त्यातून प्रशियाचे तारखाते इतके दुखावले की त्यांना सरकारी कामे मिळणेच थांबले. कंपनी वाचली ती रशियामुळे. धाकटा भाऊ कार्ल याला तेथे पाठवून, क्रिमियन युद्धाच्या धामधुमीत, सीमेन्स यांनी रशियन साम्राज्यात हजारो किलोमीटर तारा उभारल्या. वीज वाहून नेण्याइतकेच तिला नको तेथे जाण्यापासून अडविणेही महत्त्वाचे असते, हा धडा या माणसाइतका महागात क्वचितच कोणी घेतला असेल. लिश्टरफेल्डेची हकिगत वाचताना म्हणूनच आश्चर्य वाटते.

रशियातील या कामातूनच पुढे भारताशी संबंध जोडणारा प्रकल्प उभा राहिला. लंडनहून कलकत्त्यापर्यंत सुमारे ११ हजार किलोमीटरची तारमार्गिका सीमेन्स बंधूंनी पुरी केली. प्रशिया, रशिया आणि इराण ओलांडून तेहरानपर्यंतचा भाग त्यांनी उभारला. तेथून पुढे आधीच असलेल्या मार्गिकांना ती जोडली गेली. १२ एप्रिल १८७० रोजी लंडनहून निघालेला संदेश २८ मिनिटांत कलकत्त्याला पोहोचला. त्याच वर्षी समुद्राखालून मुंबईपर्यंत आलेल्या केबलने तिला स्पर्धाही निर्माण केली. तरीही ही खुष्कीची मार्गिका १९३१ पर्यंत टिकली.

ट्रामच्या दृष्टीने महत्त्वाचा शोध मात्र १८६६ सालचा आहे. तोपर्यंत वीज निर्माण करणाऱ्या यंत्रांना कायमचे चुंबक लागत आणि त्यांची ताकद बेताचीच असे. सीमेन्स यांच्या लक्षात आले की लोखंडात उरलेले नाममात्र चुंबकत्वही सुरुवातीला पुरते. यंत्र फिरू लागले की किंचित वीज तयार होते, ती त्याच यंत्रातील चुंबकाला बळ देते, बळावलेला चुंबक अधिक वीज देतो आणि अशा रीतीने यंत्र स्वतःच स्वतःला वाढवीत नेते. जानेवारी १८६७ मध्ये बर्लिनच्या विज्ञान अकादमीपुढे हे तत्त्व मांडले गेले. इंग्लंडमध्ये व्हीटस्टन आणि व्हार्ली हेही जवळपास त्याच वेळी त्याच निष्कर्षाला पोहोचले होते. म्हणून डायनॅमोचे श्रेय एकट्या सीमेन्स यांना देता येणार नाही. त्याचे मोल ओळखण्यात मात्र ते सर्वांच्या पुढे होते. बाष्पयंत्राची शक्ती आता तारेतून दूर नेता येणार होती, कारण हेच यंत्र उलट बाजूने वीज दिली की मोटर म्हणून फिरते.

शहरांना तेव्हा अशा शक्तीची निकड होती. बर्लिनमध्ये १८६५ पासून शार्लोटेनबुर्ग या उपनगरापर्यंत घोड्यांची ट्राम धावत होती. मुंबईत ती १८७४ मध्ये आली. रुळांवरून डबा ओढणे घोड्याला सोपे जाई हे खरे, पण घोडा दिवसातले काही तासच काम करू शकतो. एका डब्यामागे अनेक घोडे पोसावे लागत. तबेले, दाणावैरण, लीद, आजारपण हे सारे ओघाने आलेच. १८७२ मध्ये उत्तर अमेरिकेत घोड्यांना साथीच्या रोगाने ग्रासले, तेव्हा तेथील कित्येक शहरांचे व्यवहार ठप्प झाले होते. वाफेचे इंजिन गजबजलेल्या रस्त्यांवर कोणालाच नको होते.

३१ मे १८७९ रोजी बर्लिनमध्ये औद्योगिक प्रदर्शन उघडले, त्यात सीमेन्स यांनी ३०० मीटर लांबीचा गोलाकार मार्ग मांडला. खाणीतून कोळसा ओढण्यासाठी योजलेले एक बुटके विजेचे इंजिन, त्यावर घोड्यावर बसावे तसा बसलेला चालक आणि मागे बाकांचे तीन छोटे डबे. एका फेरीत अठरा माणसे, वेग ताशी सुमारे सात किलोमीटर. म्हणजे झपझप चालणारा माणूस बरोबरीने जाऊ शकेल इतकाच. चार महिन्यांत सुमारे ८६ हजार लोक या गाडीत बसले. बहुतेकांच्या दृष्टीने ती एक गंमत होती. ते इंजिन आज म्युनिकच्या जर्मन संग्रहालयात पाहायला मिळते.

सीमेन्स यांना गंमत दाखवायची नव्हती. १८८० मध्ये त्यांनी शहराच्या उत्तर-दक्षिण जाणाऱ्या फ्रीडरिखस्ट्रासे या प्रमुख रस्त्यावर, पदपथांच्या कडेने खांब उभारून, दहा किलोमीटरच्या विजेच्या रेल्वेचा आराखडा सरकारला सादर केला. रस्त्यावरच्या घरमालकांनी तक्रारींचा पाऊस पाडला. पहिल्या मजल्याच्या खिडक्यांतून प्रवासी घरात डोकावणार, मालमत्तेचे भाव पडणार, रस्त्याची शोभा जाणार. खांबांची ती रांग उंटर डेन लिंडेन हा बर्लिनचा राजमार्ग ओलांडणार, ही कल्पना सम्राटांनाही रुचली नाही. योजना फेटाळली गेली. उन्नत मार्गांविरुद्धचे हे आक्षेप आजच्या कोणत्याही महानगराच्या वाचकाला चांगलेच ओळखीचे वाटतील.

शहरात जागा मिळेना, म्हणून सीमेन्स उपनगराकडे वळले. लिश्टरफेल्डेची कहाणीही तशी चटका लावणारी आहे. योहान कार्स्टेन नावाच्या हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्याने १८६५ मध्ये तेथील जहागिरीच्या जमिनी विकत घेतल्या आणि लंडनच्या उपनगरांच्या धर्तीवर बागबगीच्यांसह बंगल्यांची वसाहत आखली. रस्ते काढले, झाडे लावली, अनहाल्ट रेल्वेचे स्थानक मिळविले. वसाहतीला प्रतिष्ठा यावी म्हणून प्रशियाच्या प्रमुख लष्करी छात्रशाळेला त्यांनी जमीन फुकट दिली आणि तिच्यासाठी सोयी पुरविण्याच्या भारी अटीही पत्करल्या. १८७३ च्या आर्थिक कोसळणीत जमिनींचे भाव गडगडले, पण सरकारने अटी सोडल्या नाहीत. छात्रशाळा १८७८ मध्ये दिमाखात सुरू झाली. कार्स्टेन मात्र कर्जबाजारी झाले आणि १८९६ मध्ये मनोरुग्णालयात वारले.

छात्रशाळेच्या बांधकामाचे साहित्य स्थानकापासून वाहून नेण्यासाठी मीटर गेजचा एक मार्ग घातलेला होता. इमारती पुऱ्या झाल्यावर तो नुसताच पडून राहिला. रूळ तयार होते, मार्ग रस्त्यापासून बराचसा स्वतंत्र होता आणि डोकावण्याची भीती वाटावी असे घरमालक आसपास फारसे नव्हते. सीमेन्स यांनी तो मार्ग घेतला.

स्थानकाजवळ एका छोट्या इमारतीत बाष्पयंत्र आणि डायनॅमो बसविण्यात आला. तेथून सुमारे १८० व्होल्ट दाबाचा एकदिश प्रवाह थेट रुळांत सोडला जाई. एका रुळाने वीज यायची, दुसऱ्याने परत जायची. मध्ये डब्याखाली बसविलेली मोटर. चाकांच्या लोखंडी धावा आसापासून वीजरोधक पद्धतीने वेगळ्या केलेल्या होत्या, नाहीतर आसातूनच दोन्ही रुळांची गाठ पडली असती. मोटरची गती तारेच्या दोरांनी चाकांना दिली जाई. डब्यात २६ माणसे मावत. ताशी २० किलोमीटर वेगाची परवानगी होती. प्रदर्शनातल्या गाडीच्या जवळजवळ तिप्पट, आणि घोड्यांच्या ट्रामलाही मागे टाकणारी. ना जादा तारा, ना खांब. साधेपणात या रचनेला तोड नव्हती.

मात्र तेच रूळ जिथे रस्ता ओलांडत, तिथे हा साधेपणा अंगाशी येई. दोन्ही रुळांवर एकाच वेळी पाय पडला की तो प्रवाह पायांतून वाहू लागे. माणूस बुटांमुळे बहुधा बचावे; लोखंडी नाल ठोकलेल्या घोड्याला मात्र सणसणीत झटका बसे आणि गाडीसकट तो उधळे. शिवाय लाकडी स्लीपरांवर ठेवलेल्या उघड्या रुळांतून पावसाळी हवेत वीज जमिनीत झिरपत राही. गटापर्च्याचे आवरण जगाला देणाऱ्या माणसाने शेकडो मीटर उघडे लोखंड विजेने भारून जमिनीवर अंथरावे, हा विरोधाभास त्यांच्या ध्यानात आला नसेल असे मानण्याचे कारण नाही. लिश्टरफेल्डेचा मार्ग हा नमुना म्हणून घेऊ नये, असेच त्यांचे मत होते. वीज माणसांना रोज, वेळेवर आणि परवडेल अशा खर्चात नेऊ शकते एवढे एकच या मार्गाने सिद्ध करायचे होते. ते त्याने केले.

आता प्रश्न उरला तो प्रवाह डब्यापर्यंत पोहोचविण्याचा. पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, शार्लोटेनबुर्गपासून स्पांडाऊच्या बाजूला जाणाऱ्या घोड्यांच्या ट्राममार्गावर सीमेन्स यांनी डोक्यावरच्या तारांचा प्रयोग केला. तारांवरून धावणारा एक छोटा चाकांचा गाडा डब्यामागे दोरीने ओढला जाई आणि दोरीतून वीज खाली येई. हा गाडा वारंवार तारांवरून घसरे. तशाच गाड्यावर त्याच वसंतात हालेनझे येथे रुळांविना रस्त्यावर चालणारी विजेची बग्गी काही आठवडे धावली. आजच्या ट्रॉलीबसची ती पहिली पूर्वज. त्यानंतर तारेऐवजी खालून चीर असलेली लोखंडी नळी वर टांगून, तिच्या पोटातून सरकणारा तुकडा ओढण्याची युक्ती निघाली. व्हिएन्नाजवळ मोडलिंग येथे १८८३ मध्ये आणि फ्रँकफर्टहून ओफेनबाखला जाणाऱ्या उपनगरी मार्गावर १८८४ मध्ये ती वापरली गेली. फ्रँकफर्टकरांनी आपल्या गचके देणाऱ्या ट्रामला हाडांची चक्की असे नाव ठेवले. दोन्ही मार्ग चालले, टिकले. पण सांधे आणि वळणे आली की नळीची पद्धत अवजड ठरे, आणि मोठ्या शहराच्या गुंतागुंतीच्या जाळ्यात ती चालणे शक्य नव्हते. उत्तर आयर्लंडमध्ये पोर्टरश येथील समुद्रकिनाऱ्याच्या ट्रामला विल्यम सीमेन्स यांनी धबधब्याच्या पाण्यावर तयार केलेली वीज पुरविली. १८८३ मध्ये तो मार्ग सुरू झाला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात विल्यम वारले. वर्नर यांना हा धक्का मोठा होता. मुलाम्याचे पेटंट घेऊन इंग्लंडला गेलेल्या त्या भावापासून घराचे दिवस पालटले होते.

निर्णायक उत्तर अमेरिकेतून आले. फ्रँक स्प्रेग या नौदलातून बाहेर पडलेल्या तरुण अभियंत्याने १८८८ मध्ये व्हर्जिनियातील रिचमंड शहरात, चढउतारांच्या रस्त्यांवर, विजेच्या ट्रामचे अख्खे जाळे चालवून दाखविले. त्यांच्या डब्यावर स्प्रिंगने वर दाबलेला एक दांडा होता. त्याच्या टोकावरील चाक तारेला खालून टेकलेले राही. गाडा तारेवर बसविण्याऐवजी तारेला खालून दाबायचे, इतकीच ती गोष्ट. सांगितल्यावर सोपी वाटते, पण सीमेन्स यांच्या कंपनीला सहा-सात वर्षांत ती जमली नव्हती. काही वर्षांतच अमेरिकेतील शेकडो शहरांतून घोडे हद्दपार झाले. एवढेच नव्हे, तर जर्मनीत हाले शहराची ट्राम विजेवर आणण्याचे काम १८९१ मध्ये अमेरिकन पद्धतीवर झाले, आणि ते केले एमिल राथेनाऊ यांच्या एईजी या प्रतिस्पर्धी कंपनीने.

सीमेन्स मागे का पडले, याचे उत्तर त्यांच्या स्वभावात शोधावे लागते. कंपनी ही घराण्याची, भावांच्या हातात राहणारी गोष्ट आहे अशी त्यांची धारणा होती. भागभांडवल उभे करून शहरेच्या शहरे अंगावर घेण्याची राथेनाऊ यांची धडाडी त्यांना जुगारासारखी वाटे. कामगारांच्या बाबतीत हाच सांभाळून घेण्याचा स्वभाव उपकारक ठरला होता. कारखान्यात त्यांनी १८७२ मध्येच निवृत्तिवेतनाचा निधी सुरू केला. बिस्मार्क यांचा वार्धक्यविम्याचा कायदा येण्याला तेव्हा सतरा वर्षे अवकाश होता. ते कारखानदार झाले तरी मनाने संशोधकच राहिले. विद्युत अभियांत्रिकीला जर्मन भाषेत इलेक्ट्रोटेख्निक हे नाव १८७९ मध्ये त्यांनीच रूढ केले. पदार्थविज्ञानातील मूलभूत मोजमापांसाठी राष्ट्रीय संस्था असावी यासाठी त्यांनी स्वतःची जमीन दिली आणि १८८७ मध्ये ती संस्था हेल्महोल्ट्झ यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झाली. पुढच्या वर्षी सम्राट फ्रीडरिख यांनी त्यांना सरदारकी दिली आणि नावात फॉन आले.

स्प्रेग यांचा दांडा वळणावर सुटून निघे आणि दिशा बदलताना हाताने फिरवावा लागे. सीमेन्स यांच्या कंपनीतील वाल्टर रायखेल या अभियंत्याने त्याऐवजी आडव्या कमानीसारखा चौकटीचा संग्राहक काढला. तार थोडी इकडे-तिकडे झाली तरी कमानीच्या रुंदीत ती सापडेच. ही कमान प्रत्यक्ष मार्गावर आली ती लिश्टरफेल्डेतच. १८९० मध्ये छात्रशाळेपासून पॉट्सडॅम रेल्वेच्या स्थानकापर्यंत मार्ग वाढविला गेला, तो डोक्यावरच्या तारेसह. थोड्याच वर्षांत मूळ अडीच किलोमीटरांवरही तार आली आणि रुळांतील प्रवाहाचे प्रकरण संपले. कमानीचा हा संग्राहक पुढे युरोपातील कित्येक शहरांच्या ट्रामवर दिसू लागला. भारतात विजेची ट्राम पहिल्यांदा १८९५ मध्ये मद्रासमध्ये धावली. मुंबईत ती यायला ७ मे १९०७ हा दिवस उजाडावा लागला आणि ३१ मार्च १९६४ रोजी ती बंदही झाली.

लिश्टरफेल्डेत तार आली त्याच सुमारास वर्नर फॉन सीमेन्स कंपनीच्या कारभारातून निवृत्त झाले. उरलेला वेळ त्यांनी आठवणी लिहिण्यात घालविला. १८९२ च्या अखेरीस त्या प्रसिद्ध झाल्या आणि त्यानंतर काही दिवसांतच, ६ डिसेंबर १८९२ रोजी, न्यूमोनियाने शार्लोटेनबुर्ग येथे त्यांचे निधन झाले. शहाहत्तरावा वाढदिवस आठवड्यावर आला होता.

बर्लिनने नाकारलेली खांबांवरची रेल्वे फेब्रुवारी १९०२ मध्ये सुरू झाली. ती सीमेन्स आणि हाल्स्के यांच्याच कंपनीने बांधली. मात्र फ्रीडरिखस्ट्रासेवर नव्हे, तर पूर्व-पश्चिम दिशेने, बऱ्याच अंतरापर्यंत कालव्याच्या काठाने. तिची वीज चालत्या रुळांतून नव्हे, तर बाजूच्या स्वतंत्र तिसऱ्या रुळातून येते. शोनेबर्गर स्ट्रासेवरील त्या मागच्या अंगणापासून थोड्याच अंतरावर ही रेल्वे तेव्हा अनहाल्ट रेल्वेच्या रुळांवरून पलीकडे जाई.